फो, लाक्सा, सोम तम: पार्सल मागवताना आणि घरी उघडताना

फो म्हणजे व्हिएतनामी शेवयांचं रस्सेदार सूप. त्याचं पार्सल उघडलं की आतून निदान पाच पुड्या निघतात. रस्सा एका डब्यात, शेवया दुसऱ्यात, मांसाच्या पातळ चकत्या, पाला आणि मोड आलेले मूग एका पिशवीत, लिंबाची फोड आणि सॉसच्या दोन वाट्या. पहिल्यांदा मागवणाऱ्याला वाटतं, हॉटेलनं काम अर्धवट सोडलं. पण व्हिएतनाम, थायलंड, मलेशिया, म्यानमार इथले कितीतरी पदार्थ जेवणाऱ्याच्या पुढ्यातच पुरे होतात. आंबट किती, तिखट किती, पाला कधी घालायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. पार्सल मागवलं की ही शेवटची पाच मिनिटं आपल्या ओट्यावर येतात, आणि पदार्थ जमतो की बिघडतो ते बहुतेक वेळा तिथेच ठरतं. हॉटेलात जेवताना हे काम नकळत होऊन जातं; घरी ते जाणून करावं लागतं.

आधी मेनूकार्डाचा कल ओळखा

‘आग्नेय आशियाई’ या एका पाटीखाली थाई, व्हिएतनामी, मलेशियन, इंडोनेशियन, बर्मी, लाओ, कंबोडियन, फिलिपिनो अशी निरनिराळी स्वयंपाकघरं येतात. एकाच हॉटेलात हे सगळं सारखंच चांगलं मिळणं अवघड, कारण मुळातली तयारीच वेगळी असते. फोचा रस्सा म्हणजे हाडं कित्येक तास मंद उकळून, त्यात करपवलेला कांदा-आलं, चक्रीफूल, दालचिनी, लवंग आणि मसाला वेलची. थाई करीला मिरची, गवती चहाचा दांडा, गलांगल हा आल्यासारखा कंद यांचं वाटण लागतं. मलेशियन सांबाल, म्हणजे मिरचीचं वाटण, तेल सुटेपर्यंत दमानं परतावं लागतं. एका छोट्या भटारखान्यात हे तिन्ही रोज मनापासून होत असेल असं धरून चालू नका.

म्हणून कार्डावर कोणत्या देशाचे पदार्थ संख्येनं जास्त आहेत आणि कोणाची नावं नेमकी लिहिली आहेत ते पाहा. नुसतं ‘नूडल सूप’ न लिहिता ‘बुन बो ह्वे’ लिहिलं असेल, नुसतं ‘लाक्सा’ न लिहिता ‘आसाम लाक्सा’ लिहिलं असेल, ‘खाव सोय’ किंवा ‘मोहिंगा’ दिसत असेल, तर त्या प्रांतात हात बसलेलं कोणीतरी आत आहे. पहिली ऑर्डर त्याच भागातून द्या. कार्डावर पंधरा पदार्थ व्हिएतनामी आणि दोनच थाई असतील, तर ते दोन केवळ गिऱ्हाईक मागतं म्हणून ठेवलेले असण्याचीच शक्यता जास्त.

थोडे शब्द कळले की कार्ड आपोआप उलगडतं. मलय आणि इंडोनेशियन भाषांत नासी म्हणजे भात, मी म्हणजे नूडल्स, गोरेंग म्हणजे तळलेलं किंवा परतलेलं, आयाम म्हणजे कोंबडी, इकान मासा, उदांग कोळंबी आणि ताहू म्हणजे टोफू. मग ‘मी गोरेंग आयाम’ काय ते विचारावं लागत नाही. थाईत खाव म्हणजे भात, गाय म्हणजे कोंबडी, मू डुकराचं मांस, प्ला मासा, कुंग कोळंबी. पाड म्हणजे परतलेलं, याम म्हणजे आंबट-तिखट कालवलेलं, तोम म्हणजे उकळलेलं. व्हिएतनामीत कोम भात, बुन म्हणजे तांदळाच्या गोल शेवया, गा कोंबडी, बो गोमांस, हेओ डुक्कर, का मासा आणि तोम म्हणजे कोळंबी. थाई कार्डावरचं तोम आणि व्हिएतनामी कार्डावरचं तोम यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे कोळंबी न खाणाऱ्यांनी पक्कं लक्षात ठेवावं.

तीन घोटाळे नेहमीचे आहेत. पहिला लाक्सा या शेवयांच्या सुपाचा. करी लाक्सा नारळाच्या दुधातला, दाट आणि नारिंगी असतो. पेनांगचा आसाम लाक्सा चिंचेच्या पाण्यातला, बांगड्यासारख्या माशाचा, आंबटढाण, आणि त्यात नारळाचं दूध नसतं. एकाच्या अपेक्षेनं दुसरा मागवला तर दोष पदार्थाला लागतो. दुसरा घोटाळा रोलचा. गोय कुओन म्हणजे तांदळाच्या पारदर्शक पापुद्र्यात गुंडाळलेला न तळलेला रोल, चा यो म्हणजे तळलेला. तिसरा घोटाळा ‘सॅलड’ या शब्दाचा. कच्च्या पपईचं सोम तम किंवा खिम्याचं लार्ब इंग्रजी कार्डावर सॅलडखाली छापलेलं असतं, म्हणून ते सौम्य असेल असं वाटतं. प्रत्यक्षात अख्ख्या जेवणात सगळ्यात झणझणीत बहुधा तेच निघतं.

सोम तमबद्दल आणखी एक गोष्ट. ‘ताम थाई’ म्हणजे शेंगदाणे, सोडे, ताडगूळ आणि लिंबू घातलेलं, थोडं गोडसर. नावात ‘पू’ असेल तर खारवलेला छोटा खेकडा आणि ‘प्लारा’ असेल तर आंबवलेल्या माशाचं उग्र पाणी असतं. लाओ आणि ईशान्य थायलंडच्या लोकांना तेच प्रिय आहे, पण पहिल्यांदा खाणाऱ्यानं ताम थाईपासून सुरुवात करावी. खारवलेला खेकडा बहुधा कच्चाच असतो, तेव्हा गरोदर बाईला आणि लहान मुलांना तो देऊ नये.

ऑर्डर देताना काय बोलायचं

तिखटापासून सुरू करू. या भटारखान्यांत बारीक लवंगी मिरची वापरतात आणि ‘मध्यम’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक हॉटेलात वेगळा असतो. पहिल्या वेळी कमी तिखट सांगा आणि मिरची वेगळ्या वाटीत मागा. घरी तिखट वाढवता येतं, उतरवता येत नाही. एक अडचण मात्र आहे. थाई करीत मिरची वाटणातच असते, त्यामुळे ‘ग्रीन करी, अजिबात तिखट नको’ ही मागणी पुरी होणं कठीण. हिरवी करी रंगानं शांत दिसते, पण ती ताज्या हिरव्या मिरच्यांची असते आणि बहुतेक ठिकाणी लाल करीपेक्षा जास्त झोंबते. सौम्य हवी असेल तर मसामान घ्या. तिच्यात बटाटा, शेंगदाणे, वेलची आणि दालचिनी असते, चव गोडसर असते. पानांगही चालेल, ती दाट असते आणि भातावर छान बसते.

शाकाहारी असाल तर ‘व्हेज’ एवढं सांगून भागत नाही. मांसाचे तुकडे काढून टाकले तरी मासळी रसात उरते. फिश सॉस हे मीठ म्हणूनच पडतं. शिवाय जवळ्यासारखी बारीक कोळंबी आंबवून केलेला गोळा असतो, त्याला थाईत कापी, मलयमध्ये बेलाचान, इंडोनेशियात तेरासी, म्यानमारमध्ये न्गापी म्हणतात. तो सांबालमध्ये आणि बहुतेक करीच्या वाटणात असतोच. भाज्या परतताना ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवं या शिंपल्यांचा सॉस, घालतात. तेव्हा तिन्ही गोष्टी नावानं सांगा: फिश सॉस नको, कोळंबीचा आंबवलेला गोळा नको, ऑयस्टर सॉस नको, त्याऐवजी सोया सॉस आणि मीठ चालेल. करीचं वाटण तयार डब्यातलं आहे का, तेही विचारा. त्यात कोळंबी असेल तर भटारखान्याला ती काढता येत नाही, मग दुसरा पदार्थ निवडणंच बरं. थाई कार्डावर ‘जे’ आणि व्हिएतनामी कार्डावर ‘चाय’ हे शब्द दिसले तर काम सोपं होतं. चाय म्हणजे बौद्ध पद्धतीचं मांस-मासळीविना जेवण. जे त्याहून कडक: त्यात अंडं तर नाहीच, कांदा-लसूणही वर्ज्य.

शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर साते (काडीवर भाजलेलं मांस), गादो-गादो (शेंगदाण्याच्या सॉसमधल्या भाज्या), मसामान आणि पाड थाई (परतलेल्या तांदळाच्या नूडल्स) यांना हात लावू नका. नुसते वरचे दाणे वगळायला सांगून पुरत नाही, कढई आणि झारा तोच असतो. कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी असलेल्यांना कापी आणि बेलाचान हाच मोठा धोका, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. गहू चालत नसेल तर तांदळाच्या नूडल्स बघून निर्धास्त होऊ नका; सोया आणि ऑयस्टर सॉसमध्ये गहू असू शकतो.

मग बांधणीचं सांगणं. रस्सा आणि शेवया वेगळ्या डब्यांत. कच्चा पाला, मोड आणि लिंबू गरम डब्यापासून लांब. गादो-गादोवरचा शेंगदाण्याचा सॉस वेगळा. तळलेल्या पदार्थांच्या डब्याचं झाकण घट्ट लावू नका, भोक असलेला किंवा कागदी डबा द्या. चांगलं हॉटेल हे न सांगताच करतं, पण गर्दीच्या वेळी विसरतं, म्हणून एक वाक्य जास्त बोललेलं चांगलं.

कोणता पदार्थ प्रवास सोसतो

या सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि नेमका याचाच विचार कमी होतो. पार्सल घरी पोचायला दहा मिनिटं लागणार की चाळीस, हे आधी ठरवा आणि मगच पदार्थ निवडा.

तांदळाच्या नूडल्स गरम असताना लवचीक असतात. निवू लागल्या की त्यांतला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, त्या एकमेकींना चिकटतात आणि चमच्यानं अख्खा गोळा उचलला जातो. रुंद पट्ट्या असतील तर हे अधिक लवकर होतं. मलेशियातलं ‘चार क्वे त्याव’ किंवा थाई ‘पाड सी इव’ हे रुंद नूडल्सचे परतलेले पदार्थ म्हणूनच पार्सलमध्ये हिरमुसतात. त्यांची सगळी शान तापून लाल झालेल्या कढईचा धुरकट वास ही असते. बंद डब्यात वाफ कोंडली की तो वास जातो आणि मागे राहतो तो ओलसर तेलकटपणा. हे दोन्ही पदार्थ हॉटेलातच बसून खावेत. घर पाच-सात मिनिटांवर असेल तर गोष्ट वेगळी.

बान्ह सेव म्हणजे तांदळाच्या पिठाचा हळद घातलेला कुरकुरीत घावन. तोही डब्यात मऊ पडतो. बान्ह मीची गोष्ट थोडी वेगळी. पावाचं कवच कुरकुरीत आणि आत गाजर-मुळ्याचं गोड-आंबट लोणचं, कोथिंबीर, काकडी आणि पाते, म्हणजे मांसाचा मऊ लगदा. अर्ध्या तासापर्यंत ठीक असतं, पुढे लोणच्याचं पाणी पावात उतरतं. लांब न्यायचं असेल तर लोणचं वेगळं बांधून घ्या.

याउलट काही पदार्थ जणू प्रवासासाठीच घडवलेले आहेत. पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांचं रेंडांग घ्या. मांस नारळाच्या दुधात आणि मसाल्यात तासन्‌तास शिजवतात. पाणी आटून जातं, दुधातलं तेल सुटतं आणि शेवटी मांस त्याच तेलात परतलं जातं. त्यात पातळ काही उरतच नाही, त्यामुळे डब्यात सांडत नाही, नरमत नाही, दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. उलट मसाला मुरतो. ज्यांना रेंडांग म्हणून रस्सा मिळाला असेल, त्यांना अर्ध्या वाटेवरचा पदार्थ मिळालाय. त्या टप्प्याला कालिओ म्हणतात, तोही चवदार असतो, पण रेंडांग नव्हे. फिलिपिनो आदोबोत मांस व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, तमालपत्र आणि मिऱ्यांत शिजतं आणि तोही तसाच टिकाऊ असतो. मसामान आणि पानांग करी, नासी लेमाक (नारळाच्या दुधातला भात), हैनानी चिकन राईस हेही निर्धास्त मागवावेत. चिकन राईसमधली कोंबडी गरमागरम खायचीच नसते, कोमट ठीक. फक्त त्याच्याबरोबरच्या तीन वाट्या, म्हणजे मिरचीचा सॉस, आल्याचा ठेचा आणि दाट काळा सोया सॉस, आल्यात ना ते दारातच तपासा. त्यांच्याविना ती नुसती उकडलेली कोंबडी.

सूप मधल्या गटात येतं. रस्सा सुटा मिळाला तर तासाभरानंही उत्तम होतो. शेवयांवर ओतून आला तर वीस मिनिटांत शेवया रस्सा पिऊन फुगतात आणि लगदा होतो. त्यावर इलाज नाही.

चार जणांसाठी मागवताना चार नूडल्स मागवू नका. एक आंबट-तिखट कालवलेलं, एक नारळाच्या दुधातलं, एक भाजलेलं किंवा तळलेलं, एक परतलेली पालेभाजी, आणि भात. हवं तर मध्ये ठेवायला एक सूप. भात माणशी १५० ते २०० ग्रॅम शिजलेला धरा. सगळं मध्ये ठेवून थोडं थोडं घ्यायचं, ही तिथली रीत आहे आणि चवीला तीच योग्य. नारळाची दाट करी एकट्यानं संपवायला गेलं तर अर्ध्यावर कंटाळा येतो, मधून सोम तमचा घास आला की जीभ पुन्हा ताजी होते.

फो कसा जुळवायचा

आधी रस्सा पातेल्यात ओता आणि खळखळून उकळी आणा. एका वाडग्याला साधारण ४०० ते ५०० मिली रस्सा लागतो. मायक्रोवेव्हमध्ये वाफाळलेला रस्सा पुरत नाही. कच्च्या मांसाच्या चकत्या त्यातच शिजायच्या असतात, म्हणून उकळीच हवी. मात्र उकळत ठेवून विसरू नका. रस्सा आटला की खारट होतो आणि चक्रीफुलाचा वास उडतो. आटलाच तर थोडं उकळतं पाणी घाला.

रस्सा तापतोय तोवर दुसऱ्या भांड्यात साधं पाणी उकळा. त्यातलं थोडं रिकाम्या वाडग्यात ओतून तो तापवून घ्या. थंड, जाड वाडगा रस्सा क्षणात निववतो, हे लक्षात येत नाही आणि मग मांस गुलाबीच राहतं.

शेवया डब्याच्या आकाराचा गोळा होऊन आलेल्या असतात. हातानं ओढून सोडवू नका, तुटतात. गाळणीत घेऊन गाळणी उकळत्या पाण्यात बुडवा, चॉपस्टिकनं हलकेच ढवळा. दहा-पंधरा सेकंदांत एकेक शेवई सुटते आणि पाणी पांढुरकं होतं. तो पिठूळपणा रस्स्यात यायला नको असतो, म्हणूनच शेवया रस्स्यात टाकून सोडवायच्या नाहीत. गाळणी उचलून जोरानं दोन-तीनदा झटका. पाणी राहिलं तर रस्सा फिका होतो.

आता वाडग्यातलं पाणी फेका आणि शेवया घाला. त्यावर चकत्या एकावर एक न रचता पसरून ठेवा, वर कांद्याचे पातळ काप आणि पातीचा कांदा. मग उकळता रस्सा थेट चकत्यांवर ओता. गुलाबी रंग जाऊन त्या तपकिरी झाल्या पाहिजेत. कुठे लाल राहिली तर ती पळीत घेऊन पातेल्यातल्या उकळत्या रस्स्यात धरा. कार्डावर ‘ताय’ लिहिलेलं असेल तरच मांस कच्चं येतं, ‘चीन’ म्हणजे शिजलेलं. घर लांब असेल, उन्हाळा असेल किंवा घरी लहान मूल असेल तर चीनच मागवा.

पहिला घोट काही न मिसळता घ्या. चांगल्या रस्स्यात हाडांचा गोडवा, दालचिनीचा वास आणि करपवलेल्या आल्याची झाक वेगवेगळी कळते. मग लिंबू थोडं थोडं पिळा, मिरचीच्या एक-दोन चकत्या टाका आणि थाई तुळशीची पानं खुडून घाला. सगळी एकदम टाकू नका, पहिल्या दोन मिनिटांत काळवंडतात. जेवता जेवता तीन-चारदा घाला. मोड मात्र सुरुवातीलाच रस्स्याखाली दाबा. गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांच्यासाठी ते पातेल्यात नीट शिजवूनच घ्या, कारण कच्च्या मोडांत जंतू वाढायला फार अनुकूल ओल असते.

होइसिन आणि श्रीराचा हे दोन सॉस वाडग्यात ओतले की रस्सा गोड, तिखट आणि लालसर होतो, आणि मग हॉटेल कोणतंही असो, चव एकच. ते छोट्या वाटीत घ्या आणि मांसाचा तुकडा त्यात बुडवा. दक्षिण व्हिएतनाममध्ये पाला, मोड, होइसिन सगळं घेतात. हनोईकडच्या फोत ही आरास जवळजवळ नसते. तेव्हा पार्सलमध्ये पाला आला नाही तर लगेच तक्रार करण्याआधी हॉटेल कोणत्या धाटणीचं आहे ते पाहा.

बाकीच्यांची मांडणी

पाड थाई कोमट आणि चिकट झालेला असेल तर पसरट तव्यावर चमचाभर तेल तापवा, नूडल्स घाला, वर दोन मोठे चमचे पाणी शिंपडून एक मिनिट झाका. वाफेनं गुंता सुटतो. मग झाकण काढून मिनिटभर उलथा, म्हणजे ओल उडते. मोड, दाण्याचं कूट आणि लिंबू त्यानंतर. बरोबर आलेली मिरचीपूड आणि साखर दोन्ही वापरा. नूडल्सवर साखर ऐकायला विचित्र वाटतं, पण चिंचेच्या आंबटाला ती हवीच असते.

तोम याम हे आंबट-तिखट थाई सूप गरम करताना उकळू देऊ नका, कडेनं बुडबुडे येताच गॅस बंद. लिंबाचा रस त्यात शेवटी घातलेला असतो. उकळला की त्याचा ताजेपणा जातो आणि कडसर चव येते. गरम करून झाल्यावर अर्ध्या लिंबाचा रस नव्यानं पिळा. त्यातले गवती चहाचे दांडे, गलांगलच्या चकत्या आणि मकरूट लिंबाची जाड पानं चावायची नसतात. ती वासासाठी असतात, ताटाच्या कडेला काढा. गलांगल आल्यासारखंच दिसतं पण लाकडासारखं कडक, दातात आलं की कळतं.

नारळाच्या दुधातली करी वर तेल सुटलेली दिसली म्हणजे नासली असं नाही. थाई करीत दूध आटवून मुद्दाम तेल सोडवतात आणि त्यात वाटण परततात. मंद आचेवर ढवळत गरम करा, खळखळ उकळू नका.

गोय कुओन आले तसे खा. पापुद्रा एकमेकांना चिकटतो, म्हणून ताटात अंतर ठेवून मांडा. सॉसमध्ये एकदा बुडवून घास घेतल्यावर पुढच्या घासाला सॉस चमच्यानं रोलच्या आत सोडा, म्हणजे शेवयांपर्यंत चव पोचते. तळलेले रोल मऊ पडले असतील तर १८० अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये चार-पाच मिनिटं. मायक्रोवेव्ह त्यांना चामट करतो.

साते सुकलं असेल तर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलेल्या तव्यावर तीन-चार मिनिटं. त्याचा शेंगदाण्याचा सॉस गोठल्यासारखा घट्ट होतो. एक-दोन चमचे गरम पाणी घालून घोटला की पुन्हा वाहता होतो.

चिकट भात पुडीतून काढल्याबरोबर वाळायला लागतो. पुडी बंदच ठेवा आणि लागेल तेवढाच काढा. हातानं छोटा गोळा करून तोच लार्बमध्ये किंवा सोम तमच्या रसात टेकवायचा. थाई जेवण चमच्यानं खातात, काटा फक्त घास चमच्यात ढकलायला. चॉपस्टिक लागतात त्या नूडल्सना. म्यानमारच्या लाफे थोकची गोष्टही सुट्या पुड्यांचीच: आंबवलेली चहाची पानं एकीकडे, तळलेल्या डाळी, तीळ, शेंगदाणे आणि लसूण दुसरीकडे. ताटात घेण्याआधी एका मिनिटात कालवा. आधी कालवून ठेवलं तर कुरकुर संपली.

नुओक चाम या व्हिएतनामी बुडवायच्या सॉसची वाटी कमी पडली तर घरी होते. साखर, फिश सॉस आणि लिंबाचा रस प्रत्येकी एक भाग, कोमट पाणी चार भाग, बारीक चिरलेला लसूण आणि मिरची. साखर आधी पाण्यात विरघळवा. एखादा पदार्थ सपक लागला तर आधी मीठ शोधू नका. फिश सॉसचे चार-सहा थेंब आणि थोडं लिंबू घालून चव बघा. एका वेळी अर्ध्या चमच्यापेक्षा जास्त नको. तोंड पोळलं तर पाण्यानं काही होत नाही, कारण मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. नारळाच्या दुधातली करी, भात आणि काकडी हाताशी असू द्या.

उरलं तर

पार्सल आल्यापासून दोन तासांच्या आत, आणि घर ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर तासाभरात, उरलेलं फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. यात भाताकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि खरा धोका त्याचाच. तांदळातल्या बॅसिलस सेरिअस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानं जात नाही. भात पसरट डब्यात काढा म्हणजे लवकर निवेल, आणि दुसऱ्या दिवशी संपवा. गरम करताना वाटीभर भाताला एक चमचा पाणी शिंपडा, झाका आणि वाफ निघेपर्यंत तापवा, एकदाच.

करी, आदोबो, रेंडांग तीन दिवस चालतं. खाताना आतपर्यंत ७४ अंश तापलं पाहिजे. सोम तम उरवू नका, रात्रभरात पपई पाणी सोडते. गोय कुओनचा पापुद्रा फ्रिजमध्ये कडक होतो आणि चिरतो, तेही त्याच जेवणात संपवा. फोचा रस्सा उरला तर पाला आणि मोड काढून गाळून ठेवा, शेवया त्यात ठेवू नका. आणि रेंडांग उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी तेल न घालता, जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहा मिनिटं परता. कडा काळपट आणि कुरकुरीत होऊ लागल्या की उतरवा.